परिसंवादांची रेकॉर्डिंग ऐकायची कशी, आणि तिथून खानापूरच्या शाळांपर्यंत यायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: “मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलंय, पीएच.डी.साठी अर्ज करायचा विचार आहे. विषय मनात आहे तो मराठी शाळांच्या घटत्या पटाचा. विद्यापीठांमधले शिक्षण आणि सार्वजनिक धोरणावरचे परिसंवाद यूट्यूबवर रात्री ऐकते. मुख्य भाषण बऱ्यापैकी समजतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की सगळे एकदम बोलतात, आवाज नीट येत नाही, म्हणून तिथं बंद करते. वह्या भरल्यात, पण माझ्या विषयाला त्याचा उपयोग कसा करायचा कळत नाही. सगळी उदाहरणं आंध्र, बिहार, दिल्ली नाहीतर अमेरिकेची.”

ताई, तुम्ही जिथं बंद करता तिथूनच तुमच्या कामाचं सुरू होतं.

मी बेळगावात पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धती शिकवत आलो आहे, आणि वर्गात अशी रेकॉर्डिंग लावून ती मध्ये मध्ये थांबवत ऐकायची आमची पद्धत आहे. त्यावरून ठामपणे सांगतो, की मुख्य भाषणातलं जवळपास सगळं नंतर छापील लेखात मिळतं, आणि तिथं ते जास्त नेटकं असतं. समोर बसलेल्यांनी घेतलेल्या हरकती मात्र लेखात त्या रूपात सापडत नाहीत. “हा फरक तुमच्या योजनेमुळंच पडला कशावरून?”, “ज्या गावांत आधीच सुधारणा चालू होती तीच गावं तुम्ही घेतली नाहीत ना?” असे प्रश्न येतात तेव्हा वक्त्याला आपला युक्तिवाद उलगडून दाखवावा लागतो. संशोधन शिकायचं ते तिथं. अर्थशास्त्राच्या परिसंवादात तर दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडपासूनच लोक अडवायला लागतात. समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्रात निबंध पूर्ण वाचू देतात आणि मग एक नेमलेला चर्चक बोलतो. चर्चकाची ती दहा-पंधरा मिनिटं कधीही सोडू नका.

एक उदाहरण जवळून बघू. बिहारमध्ये 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी 2000 रुपये द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो: मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रवेशाचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. तुमच्या वहीत बहुधा एवढंच उतरलं असेल. आता हेच हरकती घेत घेत ऐका. पहिली हरकत: त्या काळात बिहारमध्ये रस्ते, कायदा-सुव्यवस्था, शाळा असं बरंच काही सुधारत होतं, मग श्रेय सायकलला का? म्हणून त्यांनी सायकल मिळण्याच्या वयातल्या मुलींची तुलना जरा मोठ्या, योजना हुकलेल्या मुलींशी केली आणि हाच फरक मुलग्यांमध्येही मोजला, कारण रस्ता सुधारला तर तो मुलग्यांसाठीही सुधारतो. दुसरी हरकत: मुली एरवीही देशभर मुलग्यांना गाठतच होत्या. म्हणून शेजारचं झारखंड घेतलं, जे 2000 सालापर्यंत बिहारमध्येच होतं आणि जिथं तेव्हा ही योजना नव्हती. तिसरी हरकत: परिणाम खरंच सायकलीचा असेल तर तो लांबच्या गावांत जास्त दिसायला हवा. तो तसाच दिसला. माध्यमिक शाळा 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांतच वाढ मोठी होती.

म्हणजे ‘32 टक्के’ हा आकडा उभा आहे तो या उत्तरांवर. बिहारचा आकडा खानापूरला कामाचा नाही. हरकतींचा क्रम मात्र जसाच्या तसा उचलून आणता येतो.

आता तुमचा विषय घेऊ. तुमच्या शाळेतल्या पहिलीच्या पटाचा गेल्या वीस वर्षांचा तक्ता करून तो दरवर्षी खाली येताना दाखवलात, अशी कल्पना करा. परिसंवादात बसलेला पहिला माणूस विचारेल, मुलंच कमी जन्मली असतील तर? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) कर्नाटकाचा एकूण प्रजनन दर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) 1.7 आहे आणि महाराष्ट्राचाही 1.7. पट सगळीकडंच घटणार. तेव्हा नुसती पटसंख्या मोजून भागणार नाही. गावातली पहिलीत जाणारी एकूण मुलं किती आणि त्यांतली मराठी शाळेत किती, हे प्रमाण काढावं लागेल. दुसरा विचारेल, घरंच गाव सोडून गेली असतील तर? आपल्याकडं बेळगावची उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत, गोवा आणि पुणे या तीन वाटांनी माणसं जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिसरा विचारेल, मुलं इंग्रजी माध्यमात गेली की कन्नड माध्यमात? दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि धोरणाच्या अंगानं अर्थही वेगळे. चौथा म्हणेल, शिक्षकाची जागा रिकामी राहिली म्हणून पालकांनी मुलं काढली, की पट घटला म्हणून जागा भरली नाही? या चौथ्या प्रश्नानं भले भले प्रबंध अडतात. याचं उत्तर फक्त तारखांत आहे. शिक्षक कधी गेले आणि मुलं कधी गेली, दोन्ही महिन्यासकट लागतं.

आणि ते तुमच्या हाताशी आहे. शाळेचं दाखल रजिस्टर उघडा. मुलाचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, दाखला नेल्याची तारीख, बहुतेक ठिकाणी शाळा सोडण्याचं कारणही. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘पालकांच्या इच्छेने’ लिहिलेलं असतं, त्याच्यावर विसंबू नका. तारखा मात्र सहसा खऱ्या असतात. ज्या संशोधकांचे परिसंवाद तुम्ही ऐकताय, त्यांतल्या कितीतरी जणांना असं रजिस्टर बघायला मिळावं म्हणून महिनोन्‌महिने परवानग्यांच्या मागं लागावं लागतं.

एक सावधगिरी इथंच सांगतो. यू-डायसचे, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहिती-संचाचे, आकडे वापराल तेव्हा लक्षात ठेवा, 2022-23 पासून यू-डायस प्लसमध्ये माहिती विद्यार्थीनिहाय भरली जाते, त्याआधी ती शाळानिहाय एकत्रित असायची. त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच रेषेवर मांडून ‘एकदम घट झाली’ म्हणू नका. मोजायची पद्धतच बदलली आहे. शिवाय कर्नाटकाची सॅट्स आणि महाराष्ट्राची सरल या विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. कर्नाटकातल्या निपाणीचं मूल महाराष्ट्रातल्या कागलच्या शाळेत गेलं, तर एका बाजूला ते ‘गेलं’ म्हणून दिसतं आणि दुसऱ्या बाजूला ‘आलं’ म्हणून. दोन्ही नोंदी जुळवल्याशिवाय गळतीचा आकडा लिहू नये.

तुमची तक्रार आहे की उदाहरणं सगळी बाहेरची. माझं म्हणणं उलट आहे. सार्वजनिक धोरणाचा परिणाम मोजायला सीमाभागासारखी जागा नाही, आणि त्या परिसंवादांतली काही नावाजलेली कामं सीमेवरच झालेली आहेत.

डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांचं 1994 चं काम घ्या. 1 एप्रिल 1992 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्वेनियानं केलं नाही. त्यांनी न्यू जर्सीतली आणि सीमेपलीकडच्या पूर्व पेनसिल्वेनियातली मिळून 410 फास्ट फूड दुकानं घेतली आणि वाढीच्या आधी व नंतर नोकऱ्या मोजल्या. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. पुढं न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगाराच्या नोंदी वापरून त्यावर हरकत घेतली, आणि 2000 साली ती टीका आणि मूळ लेखकांचं उत्तर एकाच अंकात छापून आलं. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. या वादावरची भाषणं ऐकाल तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची दुकानं खरंच सारखी होती का, यावर किती खल होतो ते बघा.

हाच विचार घेऊन बाची आणि शिनोळी या शेजारच्या गावांकडं बघा. वेंगुर्ला रस्त्यावर एक कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात. भाषा तीच, पाऊस तोच, बाजार दोघांचाही बेळगावचाच. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला तो ‘चंदगड तालुका वगळून’; चंदगड आज महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत चंदगड आणि खानापूर एकाच जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवसापासून राज्यं वेगळी झाली, आणि पुढं अभ्यासक्रम वेगळा, परीक्षा मंडळ वेगळं, शिक्षक भरती वेगळी. आज खानापूरची मराठी मुलं कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेची पुस्तकं वाचतात आणि एसएसएलसी ही कर्नाटकाची दहावीची परीक्षा देतात, चंदगडची बालभारती वाचून दहावीला बसतात.

मग तुमचा प्रश्न असा मांडता येतो: खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळा आणि चंदगडच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा, दोन्हीकडं मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण कसं बदलत गेलं? चंदगडात ते टिकलं आणि खानापुरात घसरलं, तर कारण राज्याच्या धोरणात शोधायला भक्कम आधार मिळेल. दोन्हीकडं सारखंच घसरलं असेल, तर इंग्रजी माध्यमाची ओढ, शहराची ओढ आणि कमी होत जाणारी मुलं या कारणांकडं आधी बघावं लागेल. यांतलं कुठलंही उत्तर येऊ शकतं याची मनाची तयारी ठेवूनच कामाला लागा. आपल्या भागात भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, माझ्याही. घटनेच्या 350 अ कलमानं भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, आणि ती कितपत पाळली जाते हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तो हक्क मागताना हातात असलेला अभ्यास विरोधकालाही खोडता येणार नाही असा हवा. म्हणून आपल्याला न आवडणारं उत्तरही तपासून पाहिलेलं असलं पाहिजे.

इथंही हरकत आहेच, आणि ती तुमच्या मार्गदर्शकानं नाही घेतली तरी मौखिक परीक्षेत कोणीतरी घेईल: सीमा काही डोळे मिटून आखलेली नाही. चंदगड वगळला गेला तो तिथल्या मराठी वस्तीमुळंच. म्हणजे दोन्ही बाजू मुळातच वेगळ्या असू शकतात. याला तोड अशी, की अख्खे तालुके घेऊ नका. सीमेला लागून असलेल्या, भातशेती करणाऱ्या, साधारण तेवढ्याच उंबऱ्यांच्या गावांच्या जोड्या लावा आणि 1951 च्या जनगणनेतून त्या गावांची राज्य पुनर्रचनेपूर्वीची स्थिती दाखवा. त्या जनगणनेत दोन्ही बाजू एकाच जिल्ह्याच्या पुस्तकात आहेत.

डॅनियल पोस्नर यांचं 2004 चं मलावी-झांबियाचं कामही जरूर ऐका. चेवा आणि तुंबुका हे दोन समाज वसाहतकाळात आखलेल्या सीमेनं दोन देशांत विभागले गेले. मलावीत ते एकमेकांचे राजकीय विरोधक, झांबियात मित्र. कारण त्यांनी दाखवलं ते असं, की मलावीत दोन्ही समाज राजकारणात वजन पडावं इतके मोठे आहेत, झांबियात दोन्ही लहान. बेळगावच्या माणसाला हे ऐकताना आपल्याकडच्या चार गोष्टी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पण लगेच साम्य जोडू नका, आधी पद्धत समजून घ्या.

आता एक असा विषय सांगतो, जो कुणीतरी हाती घ्यावा असं मला फार वाटतं. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेत साध्या बसला महिलांना प्रवास मोफत झाला. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. जांबोटीहून किंवा नंदगडहून बेळगावच्या कॉलेजला येणाऱ्या मुलींची संख्या यानं वाढली का? चंदगडहून गडहिंग्लजला जाणाऱ्यांची वाढली का? मोफत आणि अर्धं, यांत फरक पडला का? बिहारच्या सायकलीवरचा परिसंवाद ऐकून जो क्रम शिकलात तो इथं चालवून बघा. वय, मुलगे-मुली, सीमेच्या दोन बाजू, कॉलेजपासूनचं अंतर.

फक्त आपल्याकडची रोटी-बेटी विसरू नका. निपाणीची मुलगी कागलला दिलेली, कागलची इकडं आलेली. एकाच घरातल्या दोघी बहिणींपैकी एकीला कर्नाटकातल्या गृहलक्ष्मीचे 2000 रुपये आणि दुसरीला महाराष्ट्रातल्या लाडकी बहीणचे 1500 रुपये मिळत असतात. पैसा, बातम्या, मुलं, सगळंच सीमा ओलांडतं. एका बाजूच्या योजनेचा परिणाम दुसऱ्या बाजूला झिरपला की तुलना पातळ होते. बाहेरच्या संशोधकाला हे सर्वेक्षण संपल्यावर कळतं. तुम्हाला आधीपासून माहीत आहे, म्हणून प्रश्नावलीतच माहेर-सासरचं गाव विचारून ठेवा.

ऐकण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. आधी त्या विषयाचा लेख किंवा वर्किंग पेपर शोधून त्याचा सारांश आणि तक्ते बघून घ्या, मग रेकॉर्डिंग लावा. वेग 0.75 करा, सबटायटल चालू ठेवा. आपोआप येणारी सबटायटलं भारतीय नावं आणि तांत्रिक शब्द हमखास बिघडवतात, तेवढं सांभाळा. वहीचं पान उभं दुमडा: डाव्या बाजूला कोणत्या मिनिटाला कोणती हरकत आली, उजव्या बाजूला वक्त्यानं काय उत्तर दिलं. उत्तर पटलं नाही तर तसं लिहा. खाली दोन ओळी, ही हरकत माझ्या विषयाला लागू आहे का. सगळं मराठीत लिहा. आपल्या शब्दांत उतरत नसेल तर ते अजून समजलेलं नाही. प्रश्नकर्त्याचा आवाज येत नसेल तर वक्त्याचं पुढचं वाक्य नीट ऐका, चांगला वक्ता प्रश्न आपल्या तोंडून पुन्हा सांगतो. कणकुंबीच्या बाजूला नेटवर्कची रड असते, तेव्हा बेळगावला आलात की डाउनलोड करून ठेवा. तीन-चार शिक्षक मिळून गावच्या वाचनालयात महिन्यातून एक रेकॉर्डिंग ऐकलंत तर आणखी चांगलं, कारण मग हरकती तुमच्या तुम्हालाही सुचायला लागतील.

सुरुवात पद्धतीपासून करायची असेल तर एनपीटीईएल आणि स्वयम या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर समाजशास्त्रीय संशोधन पद्धतीचे अभ्यासक्रम आहेत. शिक्षणासाठी अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा समाजविज्ञान संस्था, कर्नाटकाच्या प्रश्नांसाठी बेंगळुरूची आयसेक ही 1972 साली स्थापन झालेली सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था. धारवाडची सीएमडीआर ही संशोधन संस्था तर आपल्या दाराशी आहे, रेकॉर्डिंगवर न थांबता तिथं प्रत्यक्ष जा. पुण्याच्या गोखले संस्थेतली भाषणंही बघा. राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा शिवाजी विद्यापीठात तुमच्या विषयाजवळचा प्रबंध झाला असेल तर तो शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, पाहून घ्या.

प्रबंधात रेकॉर्डिंगचा आधार देताना जपा. परिसंवादात मांडलेलं काम बहुधा अर्धवट असतं. हरकतींनंतर आकडे बदलतात, कधी निष्कर्षही. म्हणून छापील लेख निघाला असेल तर त्याचाच संदर्भ द्या. नसेल निघाला, तर परिसंवादाची तारीख आणि संस्था लिहून ‘सादरीकरणात मांडलेला प्राथमिक निष्कर्ष’ असं स्पष्ट म्हणा. आणि दाखल रजिस्टर तुमच्या हाताशी आहे म्हणून ते संशोधनाला वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत विषय ठेवा, मुलांची नावं उतरवून घेऊच नका, क्रमांक घ्या. गावात चार घरांची शाळा असेल तर जन्मतारखेवरूनही मूल ओळखता येतं, तिथं फक्त वर्ष नोंदवा.

पहिला तक्ता तयार झाला की ज्यांचं भाषण ऐकलंत त्यांना मेल करा. संकोच करू नका. विद्यापीठाच्या पानावर त्यांचा पत्ता असतो. कौतुकाला एक ओळ पुरे. त्याखाली मुद्द्यावर या: तुमच्या भाषणात अमुक मिनिटाला अमुक हरकत आली होती, माझ्या तालुक्यात ती अशी दिसते, सोबत एका शाळेचा नावं वगळलेला तक्ता जोडला आहे, ही तुलना धरेल का? एका मेलमध्ये एकच प्रश्न. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तोवर चंदगडच्या बाजूच्या एखाद्या शाळेतल्या मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. तिकडचं रजिस्टर बघायला मिळणार असेल तरच हा आराखडा पुढं जाईल, तेव्हा ते विचारायला अर्ज भरेपर्यंत थांबू नका.